परातीशी आलेला नाग

पिंपरी, एप्रिल १९५६

तीर्थरूप आईस शकूचा दंडवत.

आम्ही बरे आहोत. बाळीला दात आले.

खोलीमागची मेंदी दाट झाली आहे. पाखरांसाठी मी तिथे परातीत पाणी ठेवते, बुलबुल येतात.

काल बाळी रांगत परातीकडे गेली, तर तिथे नाग पाणी पीत होता. मला ओरडवेना. दबकत जाऊन तिला उचलले, तसा त्याने फणा काढला. मग तो मेंदीत शिरला.

हे म्हणाले, "समदं तोडून टाकू."

मी म्हटले, "मग उन्हात पाखरं कुठं जातील?"

पण आज माझेच पाय दाराबाहेर पडेनात. बुलबुल कोरड्या परातीवर बसून होते. शेवटी बाळीला पाठीशी बांधले आणि पाणी ओतून आले.

दादाचा ताप उतरला का? तू चार दिवस येशील का गं?

तुझी लेक,
शकू