आडवी शिडी

३ फेब्रुवारी, सोमवार

दार आलं! सागवानी, एका पाडलेल्या घराचं. टेम्पोवाल्याने वर चढवताना विचारलं, "दार असताना दुसरं दार कशाला, मॅडम?" टेबल करणार म्हटलं.

कडी काढायची नाही. हिरवा रंग सगळा घासायचा नाही, कुठे कुठे ठेवायचा. ताई ऑफिसमधून आली. "आडवं झोपवलंयस का ह्याला?" म्हणाली आणि त्याच्यावरच डबा उघडून जेवली. म्हणजे पास.

६ फेब्रुवारी

दार गच्चीत उन्हात. वाळवीचं औषध मारलं, उद्या जवसाचं तेल.

एका बंद शेडमधून जुने धोटे मिळाले — विणताना सूत घेऊन मागावर इकडून तिकडे पळतात ते, दोन्हीकडे टोकदार. किल्ल्या अडकवायला लावले. खालच्या मजल्यावरच्या सावित्रम्मा बघायला आल्या. त्यांच्या घरात पूर्वी माग होते. "आमचे सासरे हे फेकून मारायचे, आणि तू शोसाठी लावली," म्हणाल्या. खूप हसल्या.

८ फेब्रुवारी, शनिवार

ताईला बघायला येणार आहेत. सोळाला, इथेच, आमच्या फ्लॅटवर. मुलाकडचे पण सोलापुरातच राहतात, त्यांना सोपं. आई-बाबा गावाहून येतील.

स्थळ सयाजीमामाने आणलंय. मुलगा उदयसिंह, बियाण्यांच्या कंपनीत आहे. त्याची आई दिवाळीत वारली. घरातलं मोठं माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं — अशी पद्धत आहे म्हणे. म्हणून त्यांना घाई.

ताई त्याच्याशी फोनवर बोलते. आधीच्या स्थळांना ती गावावरून ओळखायची — बार्शीवाला, माढ्याचा तो. ह्याला उदयसिंह म्हणते.

माझ्याकडे हॉलचं काम. ताई म्हणाली, "कर तुला हवं ते. फक्त बसायला जागा ठेव."

११ फेब्रुवारी

मामाकडून शिडी आणली. बांबूची, मधले दांडे बाभळीचे. कडब्याच्या गंजीवर चढायची. उन्हाने काय रंग आलाय तिला! असा पॉलिशने येत नाही.

मामा — "काय करनार हिचं?"
"दिवे लावणार."
"लाव बाई. आमी चढून चढून दमलो."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ताई रजा टाकून गावाला गेली. रविवारी सकाळी आई-बाबांबरोबर जीपमधून येईल. जाताना विचारत होती, कुठली साडी. मला कधी विचारत नाही. जांभळी म्हटलं.

शिडीचे दांडे हलत होते. सगळे जोड सुतळीने आवळून बांधले. दिसतंही छान.

१५ फेब्रुवारी, शनिवार

शिडी लागली. वायरमन बसवराज आला होता. "अक्का, आडवी लावायची? उभी करू की भिंतीला." मी मोबाईलवर फोटो दाखवला. छताला आडवी टांगलेली, खाली बल्ब. तो बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "परदेशात चालत असंल." चहा न घेता गेला.

एका टोकाला मातीचं मडकं लटकवलं, तीन दोऱ्यांच्या शिंक्यात, आत मनीप्लांट. वरून पांढरा मांजरपाट सोडला, नाहीतर वायरी दिसतात. पाहुणे येणार म्हणून दोन्ही बाजूंनी झेंडूच्या माळा.

खरंच चांगलं झालंय. ताई बघेल तेव्हा बघेल.

१६ फेब्रुवारी, रविवार

जसं झालं तसं लिहिते.

बाबांचा फोन — मोहोळच्या पुढे उसाचा ट्रॅक्टर उलटलाय, जीप अडकलीय, पाहुणे आले तर बसवून घे. आणि पाहुणे वेळेच्या आधी आले. उदयसिंह, त्याचे वडील आणि वडिलांची बहीण, बजाआत्या. आई नाही म्हणून आत्या आलेली.

वडिलांनी एक पाय आत ठेवला आणि थांबले. दुसरा बाहेरच. वर बघत होते. आत्यानेही वर बघितलं.

"कोन गेलं गं बाई?"

मी म्हटलं, "कोणीच नाही. सगळे यायचेत अजून."

आत्याने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, एवढं मोठं लाकूड डोक्यावर बघून दचकली. दिवे लावले की कळेल. म्हणून मी दिवे लावले.

"दिवा बी लावला की," आत्या भावाला म्हणाली.

उदयसिंह एकटाच आत आला. उंच आहे, शिडीखाली उभा राहिला. मडक्याकडे बघत होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "मनीप्लांट आहे." त्याने मान हलवली. मी पाणी आणलं. त्याने हात पुढे केला, तेवढ्यात आत्या दारातून — "पानी नको. उदय, भाईर ये."

तेव्हाच जीप आली. आई धापा टाकत वर आली, हातात हाराची पिशवी. दारातून तिने एकदाच वर बघितलं. एवढ्या हळू आवाजात ती कधीच बोलत नाही — "उत्कर्षा, ते खाली घे."

मागे जिन्यात ताई, जांभळ्या साडीत. उदयसिंह खाली उतरत होता, ती वर येत होती. दोघं एका पायरीवर जरा थांबले. तो पुढे गेला.

बाबा विनवत होते, "लेकरू हाय ओ, तिला कळलं न्हाय." जिन्यातून आत्याचा आवाज — "पोराची आय जाऊन चार म्हैनं झालं न्हाईत, आन् हितं तिरडी बांदून ठिवलीया!"

मग मी वर बघितलं. मग दिसलं.

१७ फेब्रुवारी

आता ती शिडी दिसतच नाही. दोन लांब बांबू, आडवे दांडे, सुतळी, पांढरं कापड, फुलं. फोटोतही तेच दिसतं.

मी कधी जवळून बघितलीच नव्हती. आजोबा गेले तेव्हा माझी दहावीची परीक्षा. मला गावाला नेलंच नव्हतं.

बाबा — "चूक माझीच. हिला इंग्लिश मीडियमला घातली." आई म्हणाली, "मीडियमचं काय घिऊन बसलाय? वर बघायला डोळं लागत्यात." दोघं सकाळच्या गाडीने गेले. पाहुण्यांसाठी आणलेला फराळाचा डबा तसाच राहिला.

शिडी खाली पार्किंगमध्ये नेऊन ठेवली. सावित्रम्मा खिडकीतून — "उभी ठेव गं, उभी ठेव."

१९ फेब्रुवारी

मामाचा फोन. सगळ्या भावकीत झालंय. "शिडी मी दिली म्हनून मला बी शिव्या. शिडीबिगर गंज उगडी पडलीया ती येगळीच." मुलगी पसंत होती म्हणे त्यांना. पण अपशकुन.

उदयसिंहचा फोन ताईला रोज यायचा. रविवारपासून नाही. ताई विचारत नाही, बोलत नाही. दाराच्या टेबलावर बसून जेवते. मोबाईल शेजारी, उपडा.

मी हॉलमधलं सगळं काढते म्हटलं. ती म्हणाली, "राहू दे. मला आवडतं."

एवढंच.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज ताई स्वतःहून बोलली. भांडी घासत होती, मी पुसत होते.

"मडकं का लावलंस?"
"झाडासाठी."
"माहितीय कशासाठी असतं?"

नव्हतं माहीत. तिने सांगितलं. तिरडीच्या पुढे मुलगा चालतो. हातात दोरीला बांधलेलं मडकं, आत विस्तव. "दिवाळीत उदयसिंहने तेच धरलं होतं. तीन दोऱ्यांचं."

ती खरकटं घासत राहिली. फोनवर तो एकदा म्हणाला होता — आई गेली त्या दिवशी रडायला जमलंच नाही. मंडप, पाहुणे, कुणाला कुठल्या गाडीत बसवायचं. दहावा झाला, तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी काका स्थळांचे फोटो घेऊन आले. "मला तो कधी हे सांगतो, माहितीय? ऑफिसमधून घरी जाताना, गाडी बाजूला लावून. घरी बोलता येत नाही त्याला."

मी म्हटलं, मी त्याला सॉरीचा मेसेज करते. ती म्हणाली, "तू मध्ये पडू नको." रागाने नाही.

२६ फेब्रुवारी

टेबलाचं पॉलिश वाळलं. फोटो काढला नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

होकार आला! मामाचा फोन, मग आईचा, मग पुन्हा मामाचा. उदयसिंहने घरात सांगितलं म्हणे — करीन तर हीच. आत्याच्या दोन अटी. घराची शांत करायची आणि शिडी जाळायची. मुहूर्त एप्रिलचा. त्याचे वडील मामाला म्हणाले, "शिडी ती शिडी. आता दुसरीकडं बघायला टाइम कुटं हाय? वरसाच्या आत बसाया पायजे."

बाबांनी गावात पेढे वाटले. आई फोनवर रडली, मग लगेच साड्यांचं बोलायला लागली. मला एकदम हलकं वाटलं. रात्री दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

ताई "बरं" म्हणाली. आई म्हणाली लाजतेय.

२ मार्च, रविवार

शांत करायला आई-बाबा आलेत. गुरुजी यायचे होते. ताई बाल्कनीत फोनवर. दार उघडं होतं, सगळ्यांना ऐकू आलं.

"वर्षाच्या आत नको. तीन वर्षं थांबू आपण." मग — "नाही, शिडीमुळे नाही. तुमच्या आईसाठी."

आई स्वयंपाकघरातून तशीच ओल्या हाताने आली. "तीन वरसांनी बत्तीसची हुशील, रेश्मा."

ताईने फोनवर हात ठेवला. "होईन."

पुन्हा कानाला लावला. मग आतपर्यंत आवाज आला. तो रडत होता, मोठमोठ्याने. ताई फोन तसाच धरून उभी आहे अजून.