वाळा आणि वाळे

चांदा, ३ मे १९५५, मंगळवार
सकाळी दाराच्या वाळ्याच्या मुळ्यांच्या ताटीवर पाणी मारलं तर खालून चिखल गळायला लागला. हात लावला, अर्धी ताटी भुसा होऊन हातात आली. पावसाळ्यापासून माळ्यावर पडून होती, वाळवीनं निवांत जेवण उरकलं. आता पश्चिमेचं दार उघडं, आणि झळ सरळ माझ्या खाटेवर.
हे म्हणाले, "बघू." यांचं 'बघू' लग्न झाल्यापासून बघते आहे.

४ मे
नर्सबाई येऊन गेल्या. पायांना सूज. मागच्या दोन्ही बाळंतपणांना त्याच होत्या, त्यामुळे माझ्याशी लपवाछपवी नाही. "आठवा लागला, बाई. खोली थंड ठेवा लागते. मागचं लेकरू बिमारीनं नाई गेलं, ह्या खोलीच्या तापानं गेलं. खोली थंड राह्यली तं हे टिकन."
त्या गेल्यावर खूप रडले. दोघंही बारशाआधीच गेली. आठवण काढायला नावसुद्धा नाही.
या खेपेला घरात काही आणलेलं नाही. कुंची नाही, दुपटं नाही. जन्माआधी बाळाची वस्तू घरात आली की बाळाला लागते म्हणतात. मागच्या वेळी आईनं सिरोंच्याहून सगळं आधीच शिवून पाठवलं होतं. नंतर तिनंच शपथ घातली की यापुढे बाळ बघितल्याशिवाय चिंधीही नाही.

६ मे
ताटीवाला सखाराम आला. लांबूनच बघून म्हणाला, "चौकट सडली, बाई. नवी करा लागते."
चौकट सागाची. ठोकून बघितली, खणखणीत.
"मंग कामट्या बदला."
कामट्याही धड.
"मंग वाळाच पायजे. अन् वाळा तं बजारात नाई. सारा बंगल्याइले गेला."
म्हणजे मूळ दुखणं शेवटी. आधी चौकट, कामट्या विकून बघितल्या. मी ठोकून बघितलं नसतं तर दोन्हींचे पैसे गेले असते आणि ताटी रिकामीच. आणतो म्हणाला कुठून तरी. आगाऊ घेऊन गेला.

९ मे
वाळा आणला. ओलाचिंब. तोलून दिला, म्हणजे पाणीच तोललं. वाळल्यावर निम्मा उरला, त्यात निम्मं गवत. ओला वाळा तोलून घेऊ नये, हे शहाणपण पैसे गेल्यावर आलं. भरलेल्या ताटीला डबक्याचा वास. सखारामला म्हटलं, वाळ्याला सुगंध असतो. म्हणे, "उनानं वास उडते, बाई."
लबाड मेला.
पोटातलं आज फार हललं नाही.

१० मे
आमच्या सिरोंच्याला नदीकाठी वाळा म्हणजे रानगवत, कोणी विचारत नाही. सुचलं कसं नाही आधी? सागवानाचा ट्रक चालवणारा मल्लय्याभाऊ आज तिकडेच निघाला होता. आईला वाचता येत नाही, म्हणून तोंडी निरोप दिला. "आईला सांगा, वाळा पाहिजे. लौकर." त्याची बोली तेलुगू, मराठी कामापुरती. "वाळा, वाळा" असं दोनदा घोकून गेला.

१४ मे
ट्रक नाही. सखारामच्या ताटीतून नुसती झळ येते, म्हणून दाराला ओली चादर टांगते, ती बघता बघता कडक होते. भिंतीला पाठ टेकवत नाही.
यांना म्हटलं, तुमच्या जंगल खात्याच्या साहेबांच्या बंगल्याला इतक्या ताट्या, एक मागा. "साहेबांना कसं मागायचं?" मी बोलायला नको ते बोलले. मग हे लोटा घेऊन दारात बसले आणि दिवे लागेपर्यंत चादरीवर पाणी मारत राहिले. उद्या नाहीतरी रविवार, उद्याही बसतो, असं पुटपुटले. माणूस वाईट नाही. पण मला वाळा हवा आहे.

१७ मे
ट्रक आला. मल्लय्याभाऊ दारात, तोंडभर हसू.
"पेढे पायजे, बाई. अम्मा खुशीनं रडली. विचारून राह्यली, पोरगा का पोरगी?"
मी दाराआड, माझं पोट त्याला दिसलं नव्हतं; मला काही कळेना. त्यानं पुरचुंडी हातावर ठेवली. सोडली. चांदीचे वाळे. घुंगरांचे, एवढेसे.
आईला वाटलं, मी लौकर बाळंत झाले, सुखरूप झाले, आणि बारशाला आजोळचे वाळे मागते आहे. तिनं शपथ पाळली, तिच्या लेखी बाळ आलं होतं. मल्लय्याभाऊला शब्द कळलाच नव्हता. त्यानं नुसता उचलून नेला. तेलुगूत 'वट्टिवेरू' म्हटलं असतं तर गाठोडंभर वाळा आला असता. तेलुगू येत होतं की मला.
वाळे हातात गार लागले. एवढ्या उन्हात तेवढीच एक गार वस्तू.

१८ मे
रात्रभर ते तुळशीपाशी ठेवले. घरात घेववत नाहीत, फेकवत नाहीत. नर्सबाईंनी बघून तोंडावर हात ठेवला. "ज्यानं आणले त्याच्याच संगं वापस धाडा." पण ट्रक बल्लारशाकडे गेला.
सखारामला बोलावलं. वाळे पुढे केले. हे ठेव आणि खरा वाळा दे, कुठूनही.
तो दोन पावलं मागे सरला. "लेकराचं पाऊल पडाच्या आंधी त्याच्या पायाची चांदी मी घेऊ? नाई, बाई. मलेही लेकरं हायत."
मी उंबऱ्यावर बसून रडले. त्याच्यासमोर. लाज वाटली नाही.

१९ मे
सखाराम सकाळीच. पाठीवर गाठोडं. कोरडा, तांबूस, अंगणभर वास.
"काय रे, आता कुठून आला?"
"एका बंगल्याची ताटी जराशी पातय झाली. साहेबाले का समजते?"
पैसे मात्र सोडले नाहीत, चढेच घेतले. दिले. त्याचा हात चालत असताना वाळे त्याच्या पुढ्यात ठेवले आणि म्हटलं, हे मधे बांध. दारातली ताटी घरातही नाही आणि बाहेरही नाही. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि दोन कामट्यांच्या मधे घट्ट बांधले.
दुपारी पाणी मारलं. झळ आली ती गार होऊन आली. कितीतरी दिवसांनी झोपले.
जाग आली ती घुंगरांनी. वाऱ्यानं वाळे वाजत होते. घरात पाऊल नाही आणि पावलांचा आवाज. उठून बसले. मग ऐकत पडून राहिले.

२२ मे
वाळे वाजले की पोटातलं हलतं. यांचा हात धरून पोटावर ठेवला. यांनी हात काढला नाही. मग म्हणाले, "ऐकतंय." 'बघू' नाही म्हणाले.
फार आशा करू नये. करते आहे.

२५ मे
नवतपा लागला, उन्हाचे सगळ्यात कडक नऊ दिवस. पहाटेपासून कळा. महिना पुरा भरलेला नाही. आठव्या महिन्यातलं राहत नाही म्हणतात. म्हणोत.
वारा पडला आहे. झाडाचं पान हलत नाही. वाऱ्याशिवाय ओली ताटी म्हणजे नुसती ओली काडी. सगळा महिना या झळांना शिव्या दिल्या, आता त्यांच्याच पाया पडते. ये बाई, ये.
हे लोटा घेऊन दाराशी. ताटीवर पाणी मारणं चालूच. नर्सबाई म्हणतात, "लिवनं ठेवा आता, बाई." ठेवते.
वाळे गप्प होते. आत्ता एकदा वाजले. वारा असेल, नाहीतर यांचा हात लागला असेल.
विचारलं नाही.