जव नसलेला घास

अदिस अबाबा,
ताहसास महिन्याची वीस तारीख

एत्ये आसेगदेच,

थोरल्या बहिणीला धाकट्या गिझाचूचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? दब्रे बिरहानच्या थंडीत गुडघ्यांचं काय होतं ते मला माहीत आहे. खाणावळ नीट चालली असेल, गाय व्याली असेल. इकडे आम्ही, तू दूर आहेस एवढं एक दुखणं सोडलं तर, देवाच्या दयेने ठणठणीत.

हे शेवटचं वाक्य रीतीचं म्हणून लिहिलं. खरं काय ते पुढे येईल.

फोनवर माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतेस. कागदाला ते जमत नाही, म्हणून पत्र. ते रेदियेतबरोबर पाठवतो आहे. परवा तुझी लेक दुकानात आली. मी पाणबुडी पंपाची मोटर भरत होतो. स्टुलावर बसून तिने तुझा निरोप जसाच्या तसा सांगितला. "मामा, आई म्हणते, माझ्या लग्नात सगळ्यांसमोर तिच्या हातचा घास घेतलास तर तू नवरीचा मामा. नाही घेतलास तर पाहुणा. मागे कुठेतरी खुर्ची टाकू."

"आणि नवरीचं काय म्हणणं?"

"नवरी म्हणते, मागच्या खुर्चीत तू मावशील, तुझा ताठा मावणार नाही."

पोरगी तुझ्यावर गेली आहे.

तर मुद्द्यावर येतो. आई गेल्यानंतर चाळिसाव्या दिवसाच्या जेवणात तू ताटातला पहिला घास उचललास, शिरोच्या कालवणात बुडवलास, माझ्या तोंडापाशी आणलास, आणि मी मान फिरवली. धर्मगुरू बघत होते, सगळी आळी बघत होती. मी म्हणालो, पोट भरलंय. बायका काय कुजबुजल्या तेही मला ऐकू आलं. भाऊ बहिणीच्या हाताला घाबरतो, म्हणजे तिची नजर वाईट, नाहीतर ह्याचं मन. एत्ये, दोन्ही नाही. त्या इंजेऱ्याच्या भाकरीत जव होता.

मला सीलियाक नावाचा आजार आहे. नाव परदेशी आहे, पण दुखणं इथलंच. गहू आणि जव यांत ग्लूटेन म्हणून जो चिकटपणा असतो, तो माझ्या आतड्यांना सोलून काढतो. चिमूटभरही चालत नाही. गोळी नाही, इंजेक्शन नाही. न खाणं हेच औषध. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं, बाकीचं मी स्वतः वाचून काढलं. मोटर भरायला तरी मला कोणी शिकवलं होतं? जळालेली उघडली, वेढे मोजले, शिकलो. पोटाचंही तसंच.

तू म्हणशील, मग तुला काय कमी? आपला इंजेरा टेफच्या दाण्याचा, टेफमध्ये हे विष नाही. मलाही असंच वाटलं होतं. या शहरात शुद्ध टेफचा इंजेरा शोधून बघ एकदा! टेफ महाग झालं तशी प्रत्येक खाणावळीची थाळी मऊ होत गेली. कोणी जव घालतं, कोणी मैदा. मी विचारतो. रोज विचारतो. वेटर पोरं मला लांबून ओळखतात. एकाने तर हात जोडले. "गाशे, तुम्ही कर खात्यातले ना? मालक मागच्या दाराने गेलेत." डबा घेऊन गेलो तर दुसरा म्हणतो, "न्हाव्याकडे स्वतःचा वस्तरा घेऊन जाता का हो?" मी म्हटलं, जातो. न्हाव्याला विचार.

मागच्या महिन्यात मोठा खाद्यमेळा भरला होता. एका तंबूवर हाताएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, शंभर टक्के टेफ. मला वाटलं, चला, आज गंगेत घोडं न्हालं. तव्यापाशी तुझ्याच वयाची बाई. विचारलं, "ताई, यात काय काय आहे?"

"टेफ, पाणी आणि देवाचं नाव."

"जव?"

"छे!"

"थोडासुद्धा?"

"आता मूठभर मऊपणासाठी घालावाच लागतो ना. मूठभर जवाला काय जव म्हणतात?"

"मग शंभर टक्के कशाचे?"

"श्रद्धेचे," ती म्हणाली, आणि मागची रांग हसली. मीही हसलो. नंतर मैदानाच्या कुंपणाशी उभा राहून उकडलेली अंडी खाल्ली. सगळा मेळा खात होता, तिखटाचा वास सुटला होता. मी ठरवलं, असं कुंपणाशी उभं राहून मी म्हातारा होणार नाही.

मग शोधायला लागलो. शुद्ध टेफ विकत घेतलं, तुझ्या भावजयीने, झनेबेचने निवडलं, घरीच भाजलं, तरी पोट बिघडलं. झनेबेच म्हणाली, आता हवेतच जव आहे असं म्हणा. पुढे कोपऱ्यावरच्या अब्दुलकरीमच्या गिरणीची मोटर बसली आणि मला बोलावणं आलं. झाकण काढलं तर आत गव्हाचा थर, जवाचा थर, वाटाण्याचा थर. जमिनीत खणताना दिसतात तसे. सगळ्यांचं पीठ त्याच दगडातून जातं, आणि माझं त्यांच्या मागून! आता दर सोमवारी गिरणी सुरू व्हायच्या आधी मी जातो, दगड उचलतो, ब्रशने घासतो, आधी थोडा मका दळून फेकतो, मग टेफ दळतो. अब्दुलकरीम म्हणतो, "इतकी सेवा तू बायकोची केली असतीस तर देवळात तुझं चित्र लागलं असतं."

पत्राबरोबर त्याच पिठाची गोणी आहे. तोंड मी स्वतः शिवलं आहे, ते तुझ्या खाणावळीत उघडू नकोस, घरच्या चुलीपाशी उघड. तवा वेगळा घे. मातीचा तवा जुनं पीठ पितो, म्हणून नवाच. लग्नात मी मामाच्या जागी बसणार आणि तुझ्या हातचाच घास घेणार. फक्त त्या घासात जव नसावा, एवढंच माझं म्हणणं.

तुझा धाकटा,
गिझाचू

*

अदिस अबाबा,
तिर महिन्याची चार तारीख

एत्ये,

तुझे इंजेरे पोचले. रेदियेतने बसमध्ये टोपली मांडीवरून खाली ठेवली नाही. तू उत्तरादाखल एक ओळही लिहिली नाहीस, इंजेरे पाठवलेस. कळलं मला. पत्रापेक्षा ते मोठं उत्तर होतं.

फडकं सोडलं आणि वास आला. तो वास मी झोपेतही ओळखला असता. झनेबेच काम करता करता थांबली, म्हणाली, "सासूबाई आल्यासारखं वाटतंय." मी तुकडा तोडला. तोंडापर्यंत नेला. मग मला राहवलं नाही, रेदियेतला विचारलं, "एर्शो कुठला घातला?"

"आजीच्या मडक्यातला. दुसरा कुठून येणार?"

मी तुकडा खाली ठेवला.

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाजात नाही. "मामा, आता पुरे! पीठ तुझं, गिरणी तुझी, नवा तवा आईने डोक्यावरून आणला. आता काय पाण्यात जव दिसतो तुला?"

"पाण्यातच आहे गं."

एत्ये, तू तर रोज पीठ भिजवतेस, तुला मी काय सांगू? एर्शो म्हणजे आंबलेल्या पिठावरचं पिवळं पाणी, ते आदल्या खेपेतून येतं, ती खेप तिच्या आदल्या खेपेतून. आई गेल्यावर ते मडकं तू खाणावळीत नेलंस. तेव्हापासून त्यात रोज जवमिश्रित पीठ आंबतं. आणि त्याआधीही आई जव घालायचीच. आपल्या त्या थंड डोंगरावर जव सोडून पिकत होतं काय?

मागच्या पत्रात मी गिरणीबद्दल लांबण लावली. मडक्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. मला ते तेव्हाही माहीत होतं. लेखणी तिकडे वळत नव्हती. आता वळवतो.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, लहानपणी कसे होता? मी म्हटलं, काडी. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्या. सारखा आजारी. त्यांनी विचारलं, मग घरचे काय खायला द्यायचे? तुला आठवतंय ना, आई काय द्यायची? भाजलेल्या जवाचं पीठ, लोणी आणि मध घालून मळलेलं. बेस्सो. पोराला ताकद यावी म्हणून. तुम्हाला सगळ्यांना सणाला मिळायचं, मला रोज. तू रुसायचीस, ह्याचे लाड करते म्हणून. मी वांती करायचो आणि ती पुन्हा लहान गोळी करून भरवायची. रात्रभर उशाशी बसायची. जितका मी आजारी, तितका जव जास्त.

आजाराचं नाव कळलं तेव्हा ती होती, अजून चार महिने होती. ती विचारायची, गिझू, जेवत का नाहीस? मी म्हणायचो, उपास आहे. आपल्याकडे उपासांना काय तोटा! तिला वाटलं, मुलगा शेवटी देवाकडे वळला. शेजारणींना अभिमानाने सांगत होती. मी ते तसंच राहू दिलं. तिने ऐकलं असतं तर एकेक गोळी आठवून मोजली असती. मला ती मोजणी तिच्या हातून होऊ द्यायची नव्हती, आणि याबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. चाळिसाव्याला तुला सांगितलं असतं तर तूही मोजायला बसली असतीस. म्हणून पोट भरलंय म्हणालो.

आता तुला सांगितलं. मोजू नकोस. जव तिच्या हातात होता, विष तिच्या हातात नव्हतं. त्या हाताने मला जगवलं असंच मी मानतो, आणि याबाबतीत डॉक्टरही मला काही शिकवू शकत नाहीत.

मात्र एवढं स्पष्ट लिहितो. रेदियेतच्या लग्नात माझ्या घासात आईचं पाणी असेल तर मी तो खाणार नाही. तू रडलीस तरी नाही. नवं आंबवण लावावं लागेल. नवं मडकं, टेफ आणि पाणी, दुसरं काही नाही. मी घरी लावून पाहिलं आहे. पहिली खेप फुकट जाते, इंजेऱ्याला जाळीचे डोळे पडत नाहीत, चव भिंतीच्या चुन्यासारखी लागते. दुसरी बरी. तिसऱ्या खेपेला आंबटपणा येतो, पण आईचा येत नाही. तो येणार नाही हे आधीच धरून चाल. खाणावळीत आईचं मडकं चालू ठेव, शंभर वर्षं चालू ठेव, आळीने खावं आणि तिला दुवा द्यावी.

लग्न एकवीसला आहे. तीन खेपा बसायच्या तर उद्यापासून हवं. म्हणून मी उद्याच्या पहिल्या बसने निघतो. दुकान बंद ठेवतो, पंपवाले शिव्या घालतील, घालू देत. मडकं आणि पीठ मी आणतो. दार लावून घेतलंस तर पायरीवर बसेन, माझा ताठा तिथे मावतो. पण पीठ तू भिजव, पाणी तू घाल. माझ्या हातचं मी रोजच खातो.

उपाशी निघालेला,
तुझा भाऊ
गिझाचू