सहाव्या स्टेशनची मास्तरीण

सोमवार, ३

आले एकदाची! फलाटावर मला घ्यायला दोन माणसं आणि एक कोंबडी हजर होती. माणसं म्हणजे फाटकावरचे काका आणि त्यांच्या मंडळी, काकू. कोंबडी कुणाची ते अजून ठरलेलं नाही. मी नको नको म्हणत असताना काकांनी ट्रंक उचलली आणि काकूंनी चहाचा पेला हातात कोंबला. इतका गोड चहा की दातांनी तक्रार केली.

क्वार्टर दोन खोल्यांचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट रूळ दिसतात. ऑफिसात एक टेबल, एक डुगडुगती खुर्ची, घोषणांचा धुळकट माइक, चार मिनिटं पुढे पळणारं घड्याळ आणि कोपऱ्यात लाइन क्लिअरचं जुनं यंत्र, वर पितळी घंटा. मी फडक्याने पुसून लख्ख केलं. सव्वीस वर्षं जंक्शनात माइकसमोर बसून गाड्यांच्या उशिराच्या घोषणा केल्या. आता स्वतःचं स्टेशन, भले चिमूटभर का असेना.

दादा म्हणाला होता, वर्षभरात कुलूप लागणार त्या फाट्यावर बदली मागून घेतेस, डोकं ठिकाणावर आहे ना? मी म्हटलं, कुलूप लागणार म्हणूनच जातेय. कुणीतरी दारात पाय घालून उभं राहायला नको?

मंगळवार, ४

या फाट्यावर, म्हणजे जंक्शनापासून फुटलेल्या लाइनवर, सहा स्टेशनं. इथले लोक ती पलीकडच्या टोकाकडून मोजतात. पहिलं खाणीजवळचं. सहावं आमचं, त्यानंतर थेट जंक्शन. पहिली चार गेल्या तीन वर्षांत ओळीने बंद पडली, तिथले रूळही उचलून नेले. उरलो पाचवं आणि आम्ही. दिवसातून एकच गाडी, सकाळी जाते, दुपारी परत येते.

पाचव्याचे मास्तर फोनवर भेटले. स्वतःची ओळखच ‘मी पाचवे’ अशी करून देतात. बोलता बोलता शीळ घालायची सवय. म्हणाले, बाई, तुम्ही आलात, आता निदान भांडायला माणूस मिळालं.

काम अगदी साधं. दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी. पाचवे घंटा देऊन विचारणार, गाडी सोडू का? मी उत्तराची घंटा दिली की लाइन क्लिअर. नाही दिली, तर गाडी जागची हलायची नाही, मग ती राजाची का असेना.

शुक्रवार, ७

लाइन बंद करू नये म्हणून अर्ज लिहिला आणि चार दिवस दारोदार फिरले. दोनशे अकरा सह्या! शिंपीणबाईंनी दोनदा केली, एक नवऱ्याच्या वाटची. नवरा घोरत होता.

आज वरच्या ऑफिसचं पत्र. प्रवासी उरले नाहीत, सबब लाइन तोट्यात. मी काकांना वाचून दाखवलं. ते हातातला कंदील पुसत म्हणाले, हे उलटं लिहिलंय, मास्तरीणबाई. प्रवासी संपले म्हणून स्टेशनं बंद झाली नाहीत. एकेक गाव एकेका दुपारीच रिकामं झालं. चुली पेटलेल्या, दारं उघडी. ऑफिसाने कागदावर ‘स्थलांतर’ लिहिलं आणि मोकळे झाले.

मी हसले. काका हसले नाहीत.

सोमवार, १०

दुपारी पावणेचारला पाचव्यांचा फोन. त्यांच्या आउटर सिग्नलपाशी, म्हणजे स्टेशनाबाहेरच्या पहिल्या सिग्नलला, एक गाडी येऊन उभी आहे. कुठल्या बाजूला, मी विचारलं. चौथ्याच्या. मी म्हटलं, अहो, त्या बाजूला रूळ तरी आहेत का? म्हणाले, तेच तर! पण उभी आहे खरी. गार्ड ऑफिसात आलाय, फार सभ्य माणूस, रजिस्टरात सही मागतोय.

मी ओरडले, सही करू नका. मागे गलका ऐकू येत होता, ट्रंका ओढल्याचा, पोरांना हाका मारल्याचा. पाचवे म्हणाले, बाई, ठेवतो. मला उशीर होतोय.

कशाला उशीर होतोय, मी विचारलं. तेवढ्यात फोन बंद.

मंगळवार, ११

सकाळी काकांबरोबर ट्रॉलीने पाचव्याला गेले.

कुणी नाही. सव्वाशे घरं आणि एक माणूस नाही. नळ वाहत होता, तो मी बंद केला. एका घरात इस्त्री सदऱ्यावर तशीच ठेवलेली, सदऱ्याला आरपार भोक. शाळेत फळ्यावर ‘उद्याचा अभ्या’ एवढंच. न्हाव्याच्या खुर्चीला अडकवलेला टॉवेल, त्यावर साबण वाळलेला. कुणीतरी अर्धी दाढी तशीच ठेवून उठला होता.

रजिस्टरात पाचव्यांची सही. घाईने गिरबटलेली नाही, सुरेख आणि वळणदार. त्याखाली, सरळ ओळीत, पुढचं स्टेशन: सहावं.

जंक्शनला फोन केला. साहेब म्हणाले, पाचवं तसंही बंदच करायचं होतं, तुम्ही स्थलांतर असं लिहून टाका. उद्यापासून गाडीही रद्द. मी म्हटलं, साहेब, आमच्या पुढे तुम्हीच आहात. तुमच्या शहरात तीन लाख माणसं आहेत. ते म्हणाले, बाई, रजा घ्या थोडी.

रजा घेतली तर निदान मी सुखात राहीन. घेणार नाही.

बुधवार, १२

तीन चाळीस. घंटा वाजली.

पाचव्याकडून. तिथे घंटा द्यायला कुणी नाही, मी डोळ्यांनी पाहून आलेय. विचारणा अगदी नियमाने, ठोके बरोबर. गाडी सोडू का?

आठवड्याभराची सवय, तरी माझा हात उत्तराला गेलासुद्धा. दुसऱ्या हाताने धरून ठेवला. घंटा वाजत राहिली. डोक्यात एकच सूर. उशीर झाला, उशीर झाला, असं काहीतरी. परीक्षेच्या दिवशी उशिरा जाग आल्यासारखं. भीती अशी नाही. घाई.

मी यंत्राला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. मोठ्याने म्हटलं, सोडायची नाही. काका दारात होते. ते म्हणाले, असं कुणी म्हटलं नव्हतं आजवर.

पहिल्या पाच मास्तरांना कुणी सांगितलंच नसेल की नाही म्हणता येतं. मला लहानपणापासून येतं.

गुरुवार, १३

घंटेला चिंध्या गुंडाळल्या. तरी वाजली. मग शिट्टी. लांबून, आउटर सिग्नलच्याही पलीकडून.

आणि गाव आलं. अख्खं. पिशव्या, गाठोडी, पाळण्यातली पोरं. शिंपीणबाईंच्या एका पायात चप्पल. कुणी रडत नव्हतं, कुणी घाबरलेलं नव्हतं, सगळ्यांना फक्त उशीर झाला होता. काकू सगळ्यांत पुढे. काकांनी दंड धरला तर त्यांच्याकडे त्या अनोळखी माणसाकडे बघावं तशा बघत म्हणाल्या, सोडा हो, चुकेल ना माझी गाडी.

मारून अडवता आलं नसतं. दोनशेवर माणसं. मी ऑफिसात पळाले, माइक उचलला, घसा साफ केला. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. तीन वाजून चाळीस मिनिटांची गाडी तांत्रिक कारणामुळे आज रद्द करण्यात आली आहे. आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

गर्दी थबकली. मग मागून एक आवाज, यांचं नेहमीचंच आहे! दुसरा, सकाळी सांगायला काय होतं? आणि कुरकुरत, शिव्या घालत सगळे परत फिरले. शिंपीणबाई तर मला कामचुकार म्हणाल्या.

इतक्या गोड शिव्या मी आयुष्यात खाल्ल्या नाहीत.

आउटरपाशी मात्र धूर दिसतोय. वारा आहे. धूर हलत नाही.

शुक्रवार, १४

उजाडताच कामाला लागलो. काका, मी, पाने आणि पहारी. आउटर आणि स्टेशनच्या मधले जोड सोडले, दोन रूळ उपटून खड्ड्यात लोटले. दोनशे अकरा सह्या गोळा केल्या ही लाइन वाचवायला, आणि आज माझ्याच हातांनी. हाताला फोड आलेत. रडले नाही. रूळ माणसांसाठी असतात. माणसं रुळांसाठी नसतात.

तिथून ती गाडी स्पष्ट दिसते. जुने लाकडी डबे, स्वच्छ धुतलेले. खिडक्यांत माणसं. सगळी पुढे बघत, हात मांडीवर. पाचवे तिसऱ्या डब्यात आहेत. ओठांचा चंबू शीळ घालायचा, आवाज नाही. अर्धी दाढी केलेला माणूस त्यांच्या शेजारी.

मागचे चार डबे रिकामे. आमच्यासाठी.

अकरा वाजता मी बोलावलेले वीटभट्टीवाल्याचे दोन ट्रक आले. गावाला सांगितलं, गाडीऐवजी जंक्शनपर्यंत ट्रकची सोय केली आहे. भांडत भांडत चढले. काकूंचा हात काकांनी आपल्या हाताला पंच्याने बांधला. काका म्हणाले, मास्तरीणबाई, चला. मी नियमाचं पुस्तक दाखवलं. स्टेशनात मास्तर हजर नसेल तर गार्ड स्वतःच्या अधिकारात गाडी पुढे नेऊ शकतो. खुर्ची रिकामी राहून चालणार नाही. ती गाडी नियमाने वागते, म्हणूनच आजवर थांबली आहे.

काकांनी वाकून नमस्कार केला. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा माणूस. मी ओरडले त्यांच्यावर.

तीन चाळीसला घंटा. शिट्टी. फलाटावर कुणी नाही. मी खिडकीतून जीभ काढून दाखवली.

शनिवार, १५. सकाळ

काल संध्याकाळी काकांचा फोन. सगळे सुखरूप. काकूंनी त्यांना नावाने ओळखलं आणि भूक लागली म्हणाल्या. ट्रकमध्ये एकूण दोनशे अडतीस माणसं आणि ती कोंबडी.

बस झालं. यापुढे काहीही होवो.

दुपारी ३.४०

घंटा नाही. शिट्टी नाही.

गाडी उपटलेल्या रुळांपाशी आलीय. त्यापुढे नाही. गार्ड उतरला. पायी येतोय.

३.५५

समोर बसलाय. युनिफॉर्म कडक इस्त्रीचा. बुटांवर धूळ नाही. चेहरा — बघते तेव्हा असतो, मान खाली घातली की आठवत नाही. आवाज गोड. म्हणाला, रूळ उखडले ही किरकोळ अडचण आहे. तुमची सही झाली की मार्ग मोकळा धरला जातो. मग पुढे जंक्शन.

मी म्हटलं, लाइन क्लिअर मिळणार नाही.

म्हणाला, तुम्हाला उशीर होतोय.

४.१०

होतोय. खरंच वाटतंय. पाय आपोआप फलाटाकडे. खुर्चीला साडीचा पदर बांधून घेतला.

हात रिकामा ठेवला की रजिस्टराकडे जातो. आत्ता सहीतलं ‘मा’ लिहून झालं होतं. खोडलं. म्हणून ही वही. हात यात गुंतवलाय. लिहीत राहायचं, काहीही.

४.२५

त्याच्याकडे पेन नाही. अंगठा चालत नाही. विचारलं मी, पुस्तकही बघितलं. सही हवी, स्टेशनच्या शाईने. बाकीची पेनं, दौत, शाईची बाटली, सगळं मघाशीच खिडकीबाहेरच्या विहिरीत —

हातातलं हे एकच पेन उरलंय. पाव नळीसुद्धा शाई नाही.

कळलं मला काय करायचं. सहीला थेंबही उरू द्यायचा नाही.

४.३०

नाही. नाही. नाही. नाही. मोठ्या अक्षरात लिहितेय, जाड, गिरवून गिरवून. पान भरलं. दुसरं. दादाच्या आवाजात बोलतोय आता, चल गं, वेळ झाली — दादा मला कधी चल म्हणाला नाही, नको जाऊस म्हणाला. नाही. नाही.

उभा राहिला. पहिल्यांदाच घड्याळाकडे बघतोय. त्याला

त्याला उशीर होतोय!

शाई फिकी पडली. बघ म्हटलं, बघ, संपली. सभ्यपणा गेला त्याचा, टेबल — हात धरलाय माझा, थंड — धर. लिहितेय तरी. मीच लिहितेय. नाही. नाही. नाही. ना