नियम क्रमांक सात

३ मार्च
शेजारच्या केम्परला चोवीसशे डुकरांची शेड बांधायचीय. आमच्या स्वयंपाकघरापासून हाकेच्या अंतरावर. वारा कायम तिकडूनच येतो. शी! २५ला काउंटीच्या कचेरीत जनसुनावणी. व्हर्ना म्हणाली, शेड झाली तर मी बहिणीकडे जाऊन राहणार. नवऱ्यावर भरवसाच नाही या बाईचा.

६ मार्च
रस्त्यावरची चारही घरं फिरलो. विरोध सगळ्यांचाच. पण बोलणार कोण? टोलेफसनबाई रडतात, ड्वाइट शिव्या देतो. सांगितलं, कोणी तोंड उघडू नका, बोलण्यासाठी नाव नोंदवायच्या चिठ्ठ्याही भरू नका. तुमची तीन-तीन मिनिटं मला द्या, मी पंधरा मिनिटं झोडपतो. टोलेफसनबाईंनी विचारलं, असं चालतं का? म्हटलं, बाई, नियम मला शिकवता?

७ मार्च
गेल्या वर्षीच्या सुनावणीत प्रुइटबाई सहा जणांची मिनिटं घेऊन लायब्ररीवर बोलत बसली होती. किळस आली होती. काउंटीला चार पत्रं लिहून मीच नियम सात करवून घेतला : आपला वेळ दुसऱ्याला देता येणार नाही. पण तो बडबड्यांसाठी. माझं भाषण आहे.

१७ मार्च
भाषणाचा मथळा झाला. मथळा फर्मास. बाकीचं उद्या.

२५ मार्च, संध्याकाळी
छी! अध्यक्ष हाउगेनबाई म्हणाल्या, नियम सात, मिस्टर स्ट्राउड. तुमचाच आहे, तीनच मिनिटं मिळतील. मी नियमामागचा हेतू समजावून सांगू लागलो. बाईंना तो कळेपर्यंत घंटा वाजली. डुकरांविषयी बोलायचं राहिलंच. मग ड्वाइट उठला, तर चिठ्ठी नाही म्हणून त्यालाही बसवलं. बाहेर गाडीपाशी तो म्हणाला, काय अकलेचे तारे तोडलेस रे ऑर्व्हिल! पुढचं लिहिण्यासारखं नाही. खालच्या पातळीची माणसं.

२ एप्रिल
सुनावणीचं इतिवृत्त आलं. ‘श्री. स्ट्राउड नियमांविषयी बोलले. शेडला विरोध : कोणाचाही नाही.’ परवानगी मंजूर. माझं आडनाव मात्र बिनचूक छापलंय.

१९ ऑगस्ट
डुकरं आली. खिडक्या बंद ठेवूनही कॉफीला तोच वास. व्हर्नाला बहिणीकडे सोडून आलो. घर खायला उठतं.

२६ ऑगस्ट
हार मानणाऱ्यातला मी नाही. नियम सात रद्द करा, असा अर्ज दिला. सप्टेंबरात त्यावर जनसुनावणी. व्हर्नाला फोन करून म्हटलं, या वेळी तू ये, बोल, चिठ्ठीसुद्धा भर.
तिने विचारलं, विरोधात बोलायची चिठ्ठी कुठे मिळते?