अपडेट चालू आहे, बंद करू नका

२३ सप्टेंबर, सकाळी
घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि कडा गावातल्या मोहनरावांच्या ऑनलाइन सेवा केंद्राची ऑपरेटरही मीच. म्हणजे गावाचे दाखले, सातबारे, आधार माझ्या भरवशावर. आणि कॉम्प्युटरचं सिक्युरिटी अपडेट कित्येक महिने झालेलंच नाही. आजपासून हे चालणार नाही. पासवर्ड बदलला. लांब आणि अवघड.

संध्याकाळी
पासवर्ड मलाच आठवेना. मोहनरावांना सांगितला होता, त्यांनी तो खडूनं भिंतीवर लिहून ठेवला होता. तत्त्वतः चूक. आज चालवून घेतलं.

२६ सप्टेंबर
अपडेट लावलं. बाहेर गलका. ऊसतोडीला टोळ्या निघायच्या आत सगळ्यांना दाखले हवेत. मोहनराव म्हणाले, एक दिवस जरी केंद्र बंद पडलं तर तुमच्या खुर्चीवर भाचा बसेल. भाचा म्हणजे अजिनाथ. अपडेटची सूचना आली की 'नंतर' दाबणारा माणूस. त्याच्या हाती गाव द्यायचं?
अपडेट थांबवलं. ही माघार नाही, डावपेच आहे.

३० सप्टेंबर
उद्या खंडेनवमी. हत्यारं पुजायची, वापरायची नाहीत. म्हणजे गिऱ्हाईक नाही. अपडेट लावायचं आणि कोणाला दिसू नये म्हणून स्क्रीनवर टॉवेल टाकायचा. हॅकर कुठे नवमी पाळतात?

१ ऑक्टोबर, दुपारी
अपडेट निम्म्यावर. 'बंद करू नका' असा कागदही चिकटवला. तेवढ्यात मोहनरावांच्या आई, चंद्रभागाबाई, ताट घेऊन आल्या. कोयत्याला हळदकुंकू, खुरप्याला हळदकुंकू, मग सीपीयूला. तो घरघरत होता. त्यांनी कान लावला.
"आगं, हे काहून राबतंय? कोयता पाटावर बसलाय, अन् ह्या गरिबाला सुट्टी न्हाई व्हय?"
आतून दुरुस्ती चाललीय, असं मी समजावलं. दुरुस्ती उद्या, म्हणाल्या आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. वर फूल वाहिलं.

संध्याकाळी
चालू होत नाही. स्क्रीन काळी. आष्टीच्या मेकॅनिकला फोन केला, तोही नवमी पाळतो. एक मात्र खरं, या अवस्थेत आमचा कॉम्प्युटर जगात कोणीही हॅक करू शकत नाही.

३ ऑक्टोबर
रांग रस्त्यापर्यंत. मेकॅनिक नाहीच. अजिनाथ घरचा कॉम्प्युटर घेऊन आला. पासवर्ड नाही, अपडेट कायमचं बंद. दुपारच्या आत रांग संपली. रांगेत माझे वडील, आप्पाही होते, धाकट्या बहिणीच्या, आरोहीच्या हॉस्टेलसाठी दाखला काढायला. मिळाला. बाहेर येऊन म्हणाले, "लई सोपं काम हाय की गं दीपे. उगंच रोज तोंड सुकवून येतीस."

४ ऑक्टोबर
मोहनरावांनी मला काढलं नाही. दाराबाहेर खुर्ची दिली आहे. लोकांना नंबर वाटायचे. नीट विचार केला तर ही बढतीच. कोण आलं, कोण गेलं, सगळं माझ्या नजरेखाली. सिस्टीमची खरी राखण उंबऱ्यापासूनच सुरू होते.
अकराच्या सुमारास अजिनाथनं आतून सांगितलं, ताई, दार लावून घ्या, स्क्रीनवर ऊन येतंय.
लावलं. बाहेरून.