परक्या घरचा वाढदिवस

ती. आल्चेताईस,

वीट्सेचा नमस्कार. तुझा गुडघा आणि भावजींचा स्वभाव, दोन्ही या थंडीत आटोक्यात असतील अशी आशा करतो. मी ठणठणीत आहे.

शनिवारी मिन्केला घेऊन झुटफेनला गेलो होतो. (तुझं डेव्हेंटर इतकं जवळ असून तुझ्याकडे आलो नाही म्हणून रागावू नकोस, पाच वर्षांच्या पोरीला एका दिवसात एकच गाव पुरे.) माझ्या हिस्केला तिथे नोकरी मिळतेय, पण तिच्या या लेकीने "मला ते गाव येत नाही" म्हणून भोकाड पसरलं. पोरीला गाव आवडलं नाही तर नोकरी नाकारायची, असं हिस्केने ठरवलं आणि ते आवडवायचं काम माझ्या गळ्यात मारलं. म्हणजे माझी नात माझ्यापासून लांब पाठवायची, तीही मीच.

म्हटलं, नकाशा नको, शिकवणं नको. मिन्के वळेल तिकडे वळायचं. धुकं असं, की बुरूज अर्ध्यावरच संपत होते आणि नदी कुठे सुरू होते ते बदकांनाच ठाऊक. पोरगी भिंतींवरून हात फिरवत कधी पावाच्या वासामागे, कधी घंटेमागे चालली होती, आणि मी तिच्यामागे, झोपेत चालल्यासारखा. (फार छान वाटत होतं, ताई.) अशात ती एका उघड्या दारातून आत शिरली. आत पताका, गोल मांडलेल्या खुर्च्या आणि त्यांवर माणसं. वाढदिवसाला आलेल्या प्रत्येकाचं अभिनंदन करायचं, ही आपली रीत मिन्केला पक्की ठाऊक. तिने एका टोकापासून हात मिळवत सगळ्यांचं अभिनंदन सुरू केलं. काकांचं, सुनेचं, शेजाऱ्यांचं. मग मलाही करावं लागलं. सासरच्यांना वाटलं आम्ही माहेरचे, माहेरच्यांना वाटलं सासरचे. कॉफी आली, एकेक बिस्किट आलं आणि डब्याचं झाकण लागलं. (त्यावरून कळलं, आपल्यासारखीच घरंदाज माणसं आहेत.) शेवटी उत्सवमूर्ती आजीबाईंनीच मिन्केला विचारलं, "तू कोणाची गं?"

"अजून कोणाचीच नाही. मी पुढच्या महिन्यात राहायला येणार आहे."

"बरं झालं. मग पुढच्या वर्षी जरा लवकर ये."

बाहेर पडल्यावर मी वाट साफ चुकलो. मिन्केने घंटा ऐकली, पावाचा वास घेतला आणि मला बोटाला धरून स्टेशनात आणून उभं केलं. म्हणाली, "आलं मला हे गाव."

हिस्केने होकार कळवला. मला आनंद आहे. घर शांत होईल, राहिलेलं वाचन होईल.

तुझा धाकटा,
वीट्से

ता. क. वाचन होणार नाही.

ता. क. झुटफेनात एखादी खोली भाड्याने मिळते का बघशील? लहान चालेल, अंधारी चालेल. हिस्केला सांगताना मात्र कल्पना तुझी, माझी नाही.

ता. क. जरा घाई कर. काल जेवताना मिन्केने विचारलं, "आजोबा, तुम्ही आमच्याकडे पाहुणे म्हणून कधी येणार?" अजून ती माझ्याच घरात आहे, ताई.